रस्त्यावरच्या मिठापासून गाडी वाचवायची तर नक्की काय करायचं?

अळणी:

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच बर्फ पडतो अशा ठिकाणी गाडी चालवायची वेळ आलीये. गाडी सेकंडहँड आहे पण धडधाकट, आत्तापर्यंत कोरड्या हवेतच राहिलेली. ऑफिसात जो तो घाबरवतोय की हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने पत्रा सडतो, नळ्या सडतात, अमुक सडतं, तमुक सडतं. एक म्हणतो दर आठवड्याला धू, दुसरा म्हणतो अजिबात धुवू नकोस, पाणी गोठून दारं जाम होतील, तिसरा म्हणतो खालून डांबरासारखं काळं कोटिंग मारून घे की जन्माची काळजी मिटली. आणि नेटवर एक जण बॅटरीला जोडायची डबी विकतोय, तिच्यातल्या करंटमुळे म्हणे गंज धरतच नाही. माझ्याकडे बिल्डिंगखालचं गरम पार्किंग आहे त्यामुळे मला वाटत होतं की आपण सुटलो. तर खरंच काय करायला हवं आणि काय नाही केलं तरी चालतं? हाताने करायची तयारी आहे, थोडीफार अवजारंही आहेत.

पाना_१३:

हिवाळ्याआधी विचारताय हे उत्तम, बहुतेकांना बर्फ वितळल्यावर आठवण होते.

पहिली गोष्ट, वरच्या पत्र्याची फार चिंता करू नका. तुमच्या गाडीला बाहेरून जो चकचकीत रंग दिसतो त्याच्याखाली बहुतेक ठिकाणी जस्ताचा मुलामा असतो, त्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट. सत्तरच्या दशकातल्या गाड्यांसारखं आता होत नाही, तेव्हा दोन-चार हिवाळ्यांत मडगार्डला भोकं पडायची. पोर्शने १९७५ च्या सुमारास ९११ ला गॅल्वनाइज्ड बॉडी दिली आणि ऐंशीच्या दशकात बाकीचे हळूहळू त्या वाटेला लागले. वर फक्त दगड उडून रंगाचा टवका गेला असेल तेवढं टच-अप करून घ्या, बॉनेटची पुढची कड आणि चाकाच्या मागची बाजू नीट बघा.

खरं मरण बुडाखाली आहे. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन ज्यावर बसतं ती खालची चौकट), मागच्या चाकाच्या कमानीची आतली दुमड, दाराखालचं सिल (ते आतून पोकळ असतं), जॅक लावायची जोड, सस्पेन्शनच्या स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं, हँडब्रेकची केबल, बॉडीला जोडलेल्या अर्थच्या पट्ट्या. या सगळ्यांत मला विचाराल तर ब्रेकची नळी पहिली. बाकीचं सडलं तर खिशाला चाट, ही सडली तर जिवाशी खेळ. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, २०१५ मध्ये याच विषयावरची एक चौकशी बंद करताना २००७ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या मालकांना सांगितलं होतं की बूड धूत जा, नळ्या तपासून घ्या आणि गंजलेल्या सापडल्या तर तेवढा तुकडा जोडत बसू नका, सगळाच संच बदला.

नळी कुठे सडते ते सांगतो म्हणजे बघताना सोपं जाईल. उघड्यावरच्या सरळ भागात फारसं काही होत नाही. प्लॅस्टिकच्या ज्या क्लिपमध्ये ती बसवलेली असते त्या क्लिपच्या मागे खारट चिखल जाऊन बसतो, तो वाळत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. क्लिप हळूच उचकटली की खाली नळीवर खरबरीत तपकिरी पट्टा असतो. नख लावून बघा. नुसती भुकटी निघाली तर अजून वेळ आहे, पण पापुद्रा सुटला आणि खाली खड्डा दिसला तर ती नळी गेली समजा.

सायलेन्सर:

मी आमच्याकडे एकच उपाय करतो, गाडी बायकोच्या नावावर आहे.

निळी_छत्री:

@सायलेन्सर, मग हा धागा वहिनींना पाठवा, तुम्ही नका वाचू.

दमट_हवा:

पाना_१३ यांनी कुठे सडतं ते सांगितलं, मी का सडतं ते सांगतो, पळून जाऊ नका, थोडक्यात आवरतो.

गंजायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं, मीठ लागत नाही. मीठ दोन गोष्टी करतं. एक म्हणजे त्या पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. दुसरं म्हणजे क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं, म्हणून अ‍ॅल्युमिनिअम आणि स्टेनलेससुद्धा सुटत नाहीत. जिथे अ‍ॅल्युमिनिअम आणि पोलाद एकमेकांना टेकतात तिथे तर डबल त्रास, अलॉय व्हील हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) चिकटून बसतं ते यामुळेच.

आता महत्त्वाचं. रस्त्यावर टाकतात ते सगळं एकाच जातीचं मीठ नसतं. साधं सोडियम क्लोराइड साधारण उणे ९ अंशांपर्यंत बरं काम करतं. कागदावर त्याचं २३ टक्क्यांचं द्रावण उणे २१ पर्यंत गोठत नाही पण रस्त्यावर तेवढा वेळ आणि तेवढं प्रमाण कोण देतंय. त्यामुळे जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, बऱ्याच ठिकाणी तर बर्फ पडायच्या आधीच त्याचं पाणी रस्त्यावर फवारून ठेवतात. पावसाळी हवेत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसं या दोघांना जवळपास कायमच सुटलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ओलं होत नाही, पण हे दोन क्षार तिशीच्या घरातच पाणी ओढायला लागतात. म्हणजे तुम्हाला गाडी वाळलेली दिसते आणि सांध्यात ती ओलीच असते, रात्रंदिवस. शिवाय फवारलेलं द्रावण खड्यासारखं उडून पडत नाही, ते चिकटतं आणि केसाएवढ्या फटीत शिरतं.

म्हणून माझ्या मते लढाई ओलीशी आहे. मीठ तर सगळीकडे लागणारच, ते ओलं कुठे राहतं तेवढं बघायचं.

आणि अळणी, वाईट बातमी, तुमचं गरम पार्किंग या हिशोबात फायद्याचं नाही, तोट्याचं आहे.

चक्रधर:

हे काय भलतंच. गरम गॅरेज तोट्याचं कसं? गाडी बाहेर बर्फात कुडकुडत ठेवली तर बॅटरीचे हाल, सकाळी काचा खरवडा, इंजिन थंडगार सुरू करा. मी वर्षानुवर्षं गाडी आत ठेवतोय आणि काही झालेलं नाही.

दमट_हवा:

@चक्रधर, बॅटरी आणि इंजिनाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी फक्त गंजाबद्दल बोलतोय. रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट होतो. बाहेर कडाक्याच्या थंडीत कमानीत बसलेला खारट बर्फ गोठून जवळपास झोपलेला असतो. तीच गाडी तुम्ही संध्याकाळी गरम तळघरात लावली की तो बर्फ वितळतो, खारं पाणी दुमडीत उतरतं, रात्रभर उबेत काम करतं, आणि सकाळी तुम्ही गाडी बाहेर काढून ताजा माल चढवता. तळघरात अशा बऱ्याच गाड्या ठिबकत असतात त्यामुळे हवाही दमट, वाळायचं कसं?

तुमचं गॅरेज स्वतःचं असेल, हवा खेळती असेल, आणि आत लावायच्या आधी खालून पाणी मारत असाल तर चित्र उलटं होतं, तिथे गाडी खरंच वाळते. सगळ्यात वाईट म्हणजे शून्याच्या जरा वर असलेलं बंद दमट गॅरेज.

चक्रधर:

माझं स्वतःचं आहे आणि पंखा लावतो. म्हणजे मी सुटलो. पण मग या माणसाने काय रस्त्यावर लावायची का गाडी?

पाना_१३:

नाही हो, पार्किंग मिळालंय तर वापरा. फक्त घरी येताना धुण्याचं प्रमाण वाढवा आणि तेल फवारणी टाळू नका. तेलाचा थर असला की पाणी धातूला टेकतच नाही, मग ते गरम असो की गार.

निळी_छत्री:

धुण्याबद्दल लिहिते कारण तेच आमच्याकडे मी करते आणि त्यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

दर आठवड्याला वगैरे असा आकडा धरून बसू नका. मोठा बर्फ पडून गेला, रस्त्यावर मिठाचा पांढरा थर दिसतोय, आणि मग एखादा दिवस तापमान शून्याच्या वर जातंय, तो दिवस धुण्याचा. कडाक्याच्या थंडीत धुवून लगेच उघड्यावर लावली तर अळणींचा दुसरा मित्र म्हणतो तेच होतं, दारं चिकटतात, हँडब्रेक गोठतो. त्याला उपाय आहे, दाराच्या रबरांना आधीच सिलिकॉन लावून ठेवायचं, धुतल्यावर दारं उघडून कडा फडक्याने पुसायच्या, आणि घरी येताना थोडं अंतर चालवत मध्येमध्ये ब्रेक दाबत यायचं म्हणजे डिस्क वाळतात.

वरून शॅम्पू-फेस-पॉलिश यातलं काही नाही केलं तरी चालेल पण खालून पाणी मिळालंच पाहिजे. वॉशमध्ये बूड धुण्याचा पर्याय असेल तोच घ्या. स्वतः मारत असाल तर प्रेशर कमी आणि पाणी भरपूर. प्रेशर गन अगदी जवळ धरली की मीठ धुतलं जायच्या ऐवजी सांध्यात आणि वायरच्या कनेक्टरमध्ये ढकललं जातं. बागेत झाडांना फिरतं पाणी मारायचं ते स्प्रिंकलर असतं ना, ते गाडीखाली सरकवून नळ सोडून द्या, आतून चहा पिऊन या, झालं काम. चाकाच्या कमानीत मात्र हात घालून बोटाने चिखल काढावा लागतो, वरच्या ओठावर जो साठतो तो पाण्याने निघत नाही.

पाना_१३:

+१. आणि एक भर. काही वॉशवाले तेच पाणी गाळून परत वापरतात. चिखल गाळला जातो, विरघळलेलं मीठ गाळण्याने जात नाही. शेवटचं खळबळणं ताज्या पाण्याने करतात का एवढं विचारून घ्या.

सायलेन्सर:

आमचे एक काका सांगतात धुण्याच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकायचा, मीठ मरतं.

दमट_हवा:

काकांना नमस्कार सांगा. सोडा आम्ल मारतो, मीठ आम्ल नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर आम्लाची पांढरी बुरशी आली तर सोडा वापरा, तिथे तो चालतो. मिठाला पाणीच पुरेसं आहे, ते विरघळतं आणि वाहून जातं. 'सॉल्ट न्यूट्रलायझर' म्हणून जे विकतात त्यातही काम करतो तो मुख्यतः साबणासारखा भाग, पाणी फटीत नीट पसरतं एवढंच.

अळणी:

बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. आता तेल फवारणी आणि काळं कोटिंग यातला फरक कोणी सांगेल का? माझ्या मित्राने काळं मारून घेतलंय आणि तो फार खूश आहे. आणि त्या करंटवाल्या डबीचं काय?

पाना_१३:

मित्राला खूश राहू द्या, पण हिवाळा संपल्यावर एक पेचकस घेऊन त्याच्या गाडीखाली जा.

ते काळं रबरासारखं कोटिंग कारखान्यात नव्या कोऱ्या पत्र्यावर मारलेलं असतं तेव्हा ठीक असतं. वापरलेल्या गाडीवर मारताना खाली धूळ, ओल, थोडा गंज असतोच. वरून ते कडक होतं, थंडी-उष्णतेने आणि दगड लागून त्याला बारीक चिरा जातात, चिरेतून खारं पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि आत पत्र्याचे पापुद्रे होतात. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते त्यामुळे तो कोटिंगला आतून फुगवतो. पेचकसाच्या मुठीने ठोकून बघितलं की टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज येतो, तिथे बोटाने दाबलं तर चक्क आत जातं. सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि जुन्या गाडीचं बूड ताजं काळं दिसलं तर मी तरी दोन पावलं मागे सरकतो.

तेलाचे प्रकार वेगळे, त्यातले पहिले दोन कधीच सुकत नाहीत. एक साधं खनिज तेलाचं, पातळ, ते फटीत सरपटत जातं. दुसरं लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघतं ते मेणचट वंगण, हे जरा घट्ट, चिकटून राहतं, वासाला मात्र गोठ्यात आल्यासारखं. तिसरं मेणाचं, ते जास्त टिकतं पण पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा हवा. पहिल्या दोघांचं म्हणजे दर वर्षी परत मारावं लागतं, रस्त्यावरचं पाणी धुऊन नेतं. पण तेलाचा गुण असा की आधीच थोडा गंज असेल तरी त्यात मुरतं आणि तिथला ऑक्सिजन-पाण्याचा रस्ता बंद करतं, त्यामुळे सेकंडहँड गाडीला मी तेच सांगेन.

करायचं असं. आधी बूड धुवून पूर्ण कोरडं होऊ द्या, एखाद-दोन कोरडे दिवस चालवा. गाडी जॅकवर घेऊन काम करू नका, जॅक फक्त उचलायला, खाली जायचं तर स्टँड लावूनच आणि सपाट जमिनीवर. गाडी हलवून बघा, स्टँड हलत नाही याची खात्री करा, मगच आत. नुसती बाहेरची बाजू फवारू नका, पोकळ भागात जाणं महत्त्वाचं. सिलच्या, दरवाज्यांच्या, डिकीच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, काहींना रबरी बुचं असतात, त्यातून लांब नळी आत घालून फवारा आणि बाहेर ओढत आणा. नवी भोकं पाडू नका, गंजाच्या वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो आणि आतून वायरिंग जात असतं.

कुठे मारायचं नाही: ब्रेकची डिस्क आणि पॅड, सायलेन्सर आणि त्याच्या आसपासचं गरम सगळं, बेल्ट. डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) पिशवी बांधून झाकून घ्या. खनिज तेल रबराला फुगवतं त्यामुळे सस्पेन्शनच्या बुशांवरून (सांध्यातल्या रबरी तुकड्यांवरून) हात राखून. पहिले काही दिवस भोकांतून तेल ठिबकेल, पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाका नाहीतर शेजारी बोंबलतील.

सायलेन्सर:

माझं नाव 'मारायचं नाही' यादीत बघून बरं वाटलं.

दमट_हवा:

डबीचं मी घेतो. जहाजाला आणि जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला असा करंट देऊन गंज थांबवतात हे खरंच आहे, जुनं आणि सिद्ध झालेलं तंत्र आहे. पण तिथे जहाज सतत पाण्यात असतं, पाइप ओल्या मातीत असतो, म्हणजे करंट एका टोकाकडून धातूपर्यंत पाण्यातून किंवा मातीतून पोहोचतो. गाडीभोवती हवा आहे. इथे एक थेंब तिथे एक थेंब, त्यांना जोडणारं काही नाही, तर करंट जाणार कुठून? डबीचे पैसे तेलात घाला.

इलेक्ट्रिक_बैल:

माझी गाडी बॅटरीवर चालते, लोक म्हणतात हिला इंजिन नाही, सायलेन्सर नाही (सॉरी भाऊ) तर गंजायला आहे काय. उलट आहे. पाय उचलला की मोटरच गाडी थांबवते त्यामुळे खरे ब्रेक फार कमी वापरले जातात, डिस्कवर गंजाचा थर बसतो आणि घासून जात नाही, कॅलिपरच्या सरक्या पिना जाम होतात. मी मुद्दाम अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबतो, मागेपुढे कोणी नाही बघून. आणि पिना काढून साफ करून ब्रेकचंच खास ग्रीस लावून घेतो. बॅटरीच्या पेटीखाली मात्र स्वतः हात घालत नाही, नारिंगी म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबल दिसल्या की लांब, तिथे फवारणीही नाही, कंपनीच्या सूचना वाचूनच काय ते.

जुनी_गाडी:

एक मुद्दा राहिला, चाकं. वर अलॉय व्हील चिकटायचं आलंच आहे. हिवाळी टायर बसवताना चाक काढलंच जातं तेव्हा हबचा जो चेहरा चाकाला टेकतो तो तारेच्या ब्रशने घासून त्यावर अगदी पातळसा अँटीसीझचा (धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायच्या वंगणाचा) हात फिरवा. नटाच्या आट्यांवर लावू नका, आट्या निसरड्या झाल्या की तोच टॉर्क लावूनही नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. आणि अलॉयची हवा हळूहळू उतरत असेल, पंक्चर सापडत नसेल, तर टायर रिमला जिथे बसतो त्या कडेला पांढरी भुकटी धरलीये का बघायला सांगा. मिठाचं काम.

दुसरं, मिठाच्या ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका. हसू नका, रोज बघतो.

निळी_छत्री:

आणि गाडीच्या आत काय चाललंय ते कोणी बोलत नाहीये. बुटाला लागून मीठ आत येतं, कार्पेटमध्ये मुरतं, आणि दमट_हवा म्हणतात तसं ते पाणी धरून ठेवतं. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो एकदा भिजला की हिवाळाभर वाळत नाही, त्याच्याखाली फ्लोअरचा पत्रा आणि बऱ्याच गाड्यांत सीटखाली कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड असतात. काचांवर आतून सारखं धुकं धरत असेल तर आधी कार्पेट दाबून बघा. उंच काठाच्या रबरी ट्रे टाका, कापडी मॅट काढून ठेवा. ट्रेमधलं पाणी रोज ओता नाहीतर वळणावर काठावरून जातंच. पांढरे डाग पडलेच तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून शिंपडायचं, फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. ओला व्हॅक्यूम असेल तर उत्तम.

अळणी:

आज स्टँड लावून खाली जाऊन आलो. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं तर त्यावर सुकी पानं आणि मातीचा ढीग, जणू कुंडीच. डाव्या सिलची दोन भोकं मातीने पूर्ण बुजलेली, तार घातली तर तपकिरी पाणी आलं, बराच वेळ येत होतं. ब्रेकच्या नळीच्या क्लिपा उचकटून बघितल्या, पुढच्या सगळ्या स्वच्छ, पण मागच्या चाकाच्या वर, पेट्रोलच्या टाकीच्या कडेला एका क्लिपखाली खरबरीत आहे. नखाने भुकटी निघते, पापुद्रा नाही. सबफ्रेमवर वरवरचा लाल थर आहे, ठोकून बघितलं, आवाज टणक आहे. आता?

पाना_१३:

भोकं मोकळी केलीत हे सगळ्यात भारी काम झालं, ते पाणी हिवाळाभर खारं होऊन आत बसलं असतं.

सबफ्रेमचा लाल थर चालतो, तारेच्या ब्रशने सुटं झालेलं झाडा आणि तेल मारा. रंग मारत बसू नका. नळीचं म्हणाल तर टाकीवरची ती जागा नेहमीचीच, तिथे हात पोहोचत नाही म्हणून कोणी बघत नाही. भुकटीच असेल तर साफ करून तेल लावा, क्लिपच्या आतही, आणि पुढच्या सर्व्हिसला ब्रेकवाल्याला बोट ठेवून दाखवा. तो बदला म्हणाला तर वाद घालू नका, आणि बदलताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी मागा, ती मिठाने अशी सडत नाही आणि वाकवायलाही सोपी. निव्वळ तांब्याची नको. पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरताना दिसली तर चालवत नेऊ नका, टो करा.

चक्रधर:

आणि बर्फ गेला की एक मोठी धुलाई. लोक शेवटचा बर्फ वितळला की हुश्श करतात आणि गाडी तशीच ठेवतात.

दमट_हवा:

चक्रधर यांच्याशी आज पहिल्यांदाच पूर्ण सहमत. ऊब आली, हवा दमट झाली, आणि हिवाळ्यात साचलेलं सगळं मीठ जागच्या जागी आहे. गंज खरा तेव्हा पळतो. एकच धुणं परवडणार असेल तर ते वसंतातलं करा, खालची प्लॅस्टिकची कव्हरं काढून.

जुनी_गाडी:

वाचनखूण साठवली. माझा एक प्रश्न, गाडी आधीच पार गेलेली असेल, सिलला हात घातला की चुरा पडतो, तर तेलाचा काही उपयोग?

पाना_१३:

वरवरचा गंज असेल तर तेलाने त्याचा वेग नक्की कमी होतो. पण सिल, सबफ्रेम, सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं ती जागा, हे सगळं गाडीचा भार आणि अपघातातला धक्का झेलणारं आहे. तिथे चुरा पडत असेल तर तेल आणि पुट्टी दोन्ही निरुपयोगी, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. आधी तेल मारलंत तर वेल्डिंगवाला शिव्या घालेल, ते पेट घेतं आणि वेल्ड धरत नाही. त्यामुळे आधी वेल्डिंग, मग आतून तेल. जॅक नेहमीच्या जागी लावून बघा, गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच वर पत्र्यात घुसत असेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नका.

अळणी:

हवामान बघितलं, गुरुवारी दुपारी शून्याच्या वर जातंय आणि पुढे कोरडं दाखवतायत. धुवून घेतो, शनिवारी लॅनोलिन. मागच्या दाराच्या खालच्या कडेला तीन रबरी बुचं आहेत, ती काढून आत फवारायचं ना? आणि फवारल्यावर लगेच परत लावायची की तेल गळू द्यायचं?

पाना_१३:

बुचं काढण्याआधी नीट बघा, ज्यांना मध्ये चीर किंवा भोक आहे ती पाणी जाण्यासाठीचीच असतात, ती काढली नाहीत तरी नळी आत जाते. बंद असतील ती काढा, फवारा, रात्रभर गळू द्या, सकाळी कड पुसून परत दाबून बसवा. आणि फवारताना दाराची काच पूर्ण वर ठेवा, खाली असली तर तेल काचेला लागतं आणि मग महिनाभर पुसत बसाल.

सायलेन्सर:

वहिनींना, म्हणजे आमच्या हिला, धागा पाठवला. शनिवारी मला गाडीखाली जायचंय असं कळलंय. लॅनोलिन कपड्यांवरून निघतं का हो?

निळी_छत्री:

नाही. जुने कपडे घाला.

पाना_१३:

आणि चष्मा, डोळ्यांवर कामाचा चष्मा. खालून वर फवारताना थेंब तोंडावरच येतात.